डोमा, तुझं ते एक मत

“माहं एक मत कुठी गेलं? एक! सांगा मले, कोणं खाल्लं?”

तू ओरडत होता आणि तहसीलच्या आवारातला मंडप हलत होता. मी वाढवून सांगतो असं तू जन्मभर म्हणत आला, म्हणून आज मोजूनमापून सांगतो. त्या ओरडण्याने चिंचेवरचे सगळे बगळे उडाले ते थेट वैनगंगेच्या पलीकडे जाऊन बसले, आणि मोजणीच्या टेबलावर साहेबाच्या कपातला चहा चमच्याशिवाय ढवळला गेला. गोड झाला की नाही ते मी पाहिलं नाही. खोटं कशाला बोलू?

साहेब बिचारा शांत माणूस. त्यानं चष्मा पुसला. “डोमाजी, तुम्हाला एकशे बेचाळीस. वामनरावांना एकशे त्रेचाळीस. मशीननं दाखवलं, मी वाचलं.”

“पुन्हा मोजा.”

साहेबानं पुन्हा बटण दाबलं. काचेत लाल आकडे उगवले. एकशे बेचाळीस.

“अजून एकदा.”

त्यानं अजून एकदा दाबलं. माणूस चांगला होता, नाहीतर पोलिसालाच हाक मारली असती.

“साहेब,” तू आवाज एकदम खाली आणून म्हणाला, आणि तुझा खालचा आवाज मला वरच्यापेक्षा जास्त घाबरवायचा, “हे मोजणं नाई झालं जी. हे वाचणं झालं. मोजणं म्हणजे पुडा सोडाचा, पानं मांडाची, अन् एक-एक उचलाचं. इथी त सोडाले काईच नाई.”

मंडपातल्या अर्ध्या लोकांना वाटलं, हारल्यामुळे याचं डोकं फिरलं. त्यांनी तुला फडावर पाहिलं नव्हतं.

तुला फड काय सांगायचा! पण हे वाचणाऱ्यात एखादा पुण्याचा निघाला तर त्याची अडचण नको. तीस उन्हाळे तू तेंदूपत्त्याच्या फडावर मुन्शी होता. बाया पहाटेच जंगलात जायच्या, बिडीची पानं तोडायच्या, घरी बसून सत्तर पानांचा एक-एक पुडा बांधायच्या आणि फडावर आणून उन्हात ओळीने मांडायच्या. तू त्या ओळींमधून बगळ्यासारखा पाय उचलत चालायचा. मोजायचं ते जिचे पुडे तिच्यासमोर. रजिस्टरात लिहायचं ते तिच्यासमोर. आणि तोच आकडा तिच्या कार्डावर, आणि कार्ड तिच्या हातात. तिला वाचता येत असो की नसो. कोणी भांडायला उठलीच तर तू पुडा सोडायचा आणि सत्तर पानं तिच्या पदरात मोजून टाकायचा. तिनं ‘हाव’ म्हटल्याशिवाय पुढच्या ओळीला जायचा नाही. एका म्हातारीनं तुझ्याकडून एकच पुडा अकरा वेळा मोजून घेतला होता. मी चौदा सांगतो, पण अकराच होत्या. आज तुझ्याशी बोलतोय, म्हणून अकरा.

असा माणूस ग्रामपंचायतीला उभा राहिला तर मतं कशी मोजणार? पानांनीच.

गेल्या हंगामाची वाळलेली पानं झोळीत घेऊन तू वॉर्डातल्या घराघरात गेला. “देशील का?” असं सरळ विचारायचं. समोरच्यानं ‘हाव’ म्हटलं की एक पान वेगळं काढायचं. ‘पाहू’ म्हणणाऱ्याचं पान नाही. ‘देवाची मर्जी’ म्हणणाऱ्याचं देठसुद्धा नाही. पहिलं पान तुझं स्वतःचं, दुसरं तुझ्या बायकोचं, पारबता वहिनीचं, तिसरं माझं. माझं पान तू निवडून घेतलं होतं, तळहाताएवढं, एकही भोक नसलेलं. शेवटच्या दिवशी तू अंगणात बसून मोजलं. दोन पुडे भरले आणि वर तीन पानं उरली. एकशे त्रेचाळीस.

मी म्हटलं होतं, “डोमा, आपल्या गावात तोंडावर कोणी नाई म्हणत नाई. पाहुण्याले जेवणाचं अन् उमेदवाराले मताचं ‘हाव’च असते.”

“माह्यासमोर कोणी खोटं बोलत नाई,” तू म्हणाला. “तीस वर्षं मोजून राह्यलो.”

आणि मग तो प्रचाराचा शेवटचा दिवस. इथून पुढचं मी कालपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. तुला तर नाहीच.

माइकसेट माझा होता. गावात दुसरा होताच कुठे? सकाळी मी वामनसाठी ओरडायचो, दुपारी तुझ्यासाठी. धंदा म्हणजे धंदा, पण तुझ्यासाठी ओरडताना मी भोंग्याचं तोंड चार गावांकडे फिरवायचो. समाजमंदिरापुढे तुझी सभा. दीडशे माणूस. मी तुझी ओळख करून दिली, आणि अशी दिली की तुझा तुलाच संशय आला असता. तू माइक हातात घेतला, गळा साफ केला आणि म्हणाला,

“बाप्पाहो, मी खरं बोलतो. इतकं खरं, का दोस्ताचंबी झाकत नाई. हा रुषी तुमाले वीस वर्षं झाली सांगून राह्यला, का मोहाच्या झाडाखाली अस्वलाशी कुस्ती खेल्लो. खांद्यावरचा वण दाखवते. ते अस्वल नव्हतं. हा सायकलवरून बाभळीच्या कुंपणावर पडला. मी डबलसीट होतो.”

डोमा, माझ्याच माइकवर! माझ्याच चार भोंग्यांतून! ते हसणं आधी समाजमंदिरापुढे उठलं, मग पलीकडच्या टोल्यावरच्या वस्तीत उठलं, आणि मला नक्की माहीत आहे की प्राणहिता ओलांडून तेलंगणातही कोणीतरी हसलं. वीस वर्षं पोसलेलं अस्वल होतं ते. पहिल्या वर्षी वासराएवढं होतं, पुढे सात फुटांचं झालं, त्याला एक बायको झाली, दोन पिल्लं झाली. लग्नाकार्यात लोक मला आधी जेवायला वाढायचे ते त्या अस्वलामुळे. आणि तू एका वाक्यात त्याची बाभूळ केली.

दुसऱ्या दिवशी मतदान. मी शाळेच्या खोलीत पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेलो. वर तुझी छत्री, खाली वामनची कढई. बोट छत्रीकडेच निघालं होतं, आईशपथ. तेवढ्यात दाराबाहेरच्या रांगेतून कोणीतरी बारीक आवाजात अस्वलासारखं गुरगुरलं आणि चार जण खिदळले.

बोट खाली घसरलं. घसरलं म्हणजे मीच घसरवलं. पीऽऽ वाजलं.

मला वाटलं, तू पन्नासाच्या वर फरकानं निवडून येतो. पन्नासात एक कमी झालं तर काय? फडावर पुडे पलटवताना एखादं पान वाऱ्याने उडतं, त्याच्यामागे कोणी धावतं का? उद्या तू हार घालून येशील तेव्हा मी भोंग्यावरून असा ओरडेन की सगळं फिटून जाईल. असा माझा हिशेब.

आणि तहसीलच्या मंडपात तू विचारलं, ‘कोणं खाल्लं?’ मी तुझ्या कोपराशी उभा होतो. तुझ्या निशाणीची छत्री माझ्या काखेत, आणि तोंडात चिवडा. घास तिथेच थांबला. तुझं एक कमी, वामनचं एक जास्त. म्हणजे माझं बोट वरच राहिलं असतं तर एकशे त्रेचाळीस तुझे आणि एकशे बेचाळीस त्याचे. तुला वाटत होतं, हरवलेलं मत सापडलं तर बरोबरी होईल आणि साहेब चिठ्ठी काढतील. “चिठ्ठी त कागदाची असते ना जी?” असं तू साहेबाला विचारलं, तेव्हा साहेबसुद्धा हसला. बरोबरी नव्हती रे. तू निवडून आला होता. तेवढ्यापुरता मी आडवा आलो.

तेव्हाच बोललो असतो तर? मंडपात तू मला छत्रीनंच हाणलं असतं, दोन महिने बोलला नसता, आणि मग एका बाजाराच्या दिवशी चामोर्शीला भज्याच्या गाडीवर म्हणाला असता, ‘घे बे, खा.’ एवढंच झालं असतं. पण मी घास गिळला आणि म्हणालो, “मशीननंच खाल्लं असन.” अस्वलही एका वाक्यात जन्माला आलं होतं. मला सवय होती.

तू मात्र ते वाक्य धरून ठेवलं.

पंधरा दिवसांच्या आत तू अर्ज घेऊन कोर्टात उभा. चंद्रपूरच्या वैशाली मॅडम वकील म्हणून मिळाल्या. तेव्हा त्या नव्या होत्या, काळा कोट नवा होता आणि त्याच्या बाहीवरची कंपनीची चिठ्ठी काढायची राहिली होती. त्यांनी विचारलं, “पुरावा काय आहे?” तू म्हणाला, “आहे ना. घरी आहे.” त्यांनी बिचारीनं विश्वास ठेवला.

तो दिवस मी मरेपर्यंत सांगणार आहे आणि त्यात एक शब्द वाढवायची गरज नाही, हेच त्याचं मोठेपण. तू झोळीतून दोन पुडे आणि सुटी तीन पानं काढून कोर्टाच्या टेबलावर ठेवली.

न्यायाधीश साहेबांनी पाहिलं. “हे काय आहे?”

“मतं आहेत साहेब. एकशे त्रेचाळीस. मोजून घ्या.”

मॅडमनी डोळे मिटले. साहेबांनी एक पान हातात घेतलं. ते कुठल्यातरी समुद्राकडच्या भागातले असावेत, त्यांनी पान वासासाठी नाकाजवळ नेलं. वाळून कडक झालेलं पान ते, चुरा झालं. साहेब ओशाळले. “माफ करा,” म्हणाले. आता तूच सांग, कोर्टानं ज्याची माफी मागितली असा दुसरा माणूस आपल्या तालुक्यात आहे का?

“काई हरकत नाई जी,” तू म्हणाला. “ते पान कोणाचं होतं ते मले ठाऊक आहे. त्या माणसालेच आणतो. सगळ्याइलेच आणतो. एका ट्रॅक्टरमंदी नाई मावले त दोन करीन. एकेकाले विचारा, कोणाले मत देलं.”

मी मागच्या बाकावरून हळूच दाराकडे सरकलो.

“तसं विचारता येत नाही,” साहेब म्हणाले. “मत गुप्त असतं. कोणी कोणाला दिलं हे सांगायला कायदा कोणालाही भाग पाडू शकत नाही.”

मी देवाचे आणि घटनेचे एकदमच आभार मानले.

तू मात्र थांबला. कठड्यावर दोन्ही हात ठेवले. “साहेब, मशीनले इचारलं त ते तोच आकडा सांगते. माणसाले इचारता येत नाई. कागद निघतच नाई. मंग इचाराचं कोणाले?”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी पुढची तारीख दिली आणि शिपायानं तुझ्या मताचा चुरा हातानं गोळा करून खिडकीबाहेर टाकला.

अर्ज फेटाळला गेला. मशीन चुकली याचा पुरावा नाही, असं त्यात होतं. मॅडम समजावत होत्या आणि तू बाकावर बसून चप्पल दुरुस्त करत होता. “म्हणजे,” तू म्हणाला, “पुरावा ठेवाचाच नाई असं मशीन आणलं, अन् मले म्हणते पुरावा आण. मॅडम, फडावर मी असं केलं असतं त बायाइनं मले पुड्यासंग उन्हात वाळू घातलं असतं.” मॅडम हसल्या आणि मग हसता हसता त्यांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. मला वाटतं, त्या दिवशी त्या खऱ्या वकील झाल्या. बाहीवरची चिठ्ठीही तूच दातांनी तोडून दिली.

तुझा मोठा आनंदाचा दिवस त्यानंतर आला, विधानसभेच्या मतदानाचा. त्या मशीनला शेजारी एक डबा होता, काचेची खिडकी असलेला. बटण दाबलं की आत चिठ्ठी दिसायची, नाव आणि निशाणी, सात सेकंद, आणि मग ती खाली पेटीत पडायची. तू आत गेला तो बाहेरच येईना. मॅडमनी आधी सांगून ठेवलं होतं, सात सेकंद. तू मोजत होता. चिठ्ठी पडल्यावरही तू काचेला नाक लावून उभा. शेवटी मतदान अधिकारी म्हणाला, “आजोबा, झालं.” तू व्हरांड्यात आला आणि सगळ्या रांगेदेखत ओरडला,

“रुषी! पान दिसलं बे! माहं पान दिसलं!”

पोलीस धावत आला, निशाणी ओरडून सांगतोय की काय म्हणून. तू त्याला मिठी मारली. त्याची टोपी पडली. त्या दिवशी तू ज्याला मत दिलं तो पुढे पडला, आणि निकालाच्या संध्याकाळी तू घरासमोर बसून बासुंदी प्यायला. लोकांना वाटलं, डोमा पार्टी बदलला.

बासुंदीचा ग्लास खाली ठेवता ठेवता तू विचारलं, “मंग गावच्या निवडणुकीत हा डबा काऊन नाई?”

त्या एका ‘काऊन’नं आपल्याला नागपूरला नेलं. मॅडमनी तिथल्या हायकोर्टात अर्ज लावला, गावच्या निवडणुकीलाही चिठ्ठी दिसली पाहिजे म्हणून. तुझ्यासारखेच अजून कुठले कुठले लोक होते, सगळ्यांचे कागद एका गठ्ठ्यात बांधले गेले. आणि सुरू झाल्या आपल्या तारखा. पहाटेची एसटी, तुझ्या मांडीवर फाईल, माझ्या मांडीवर तुझा जेवणाचा डबा. नागपूरला उतरलं की पहिले तर्री पोहे. त्या तर्रीनं माझ्या डोळ्यांतून निघालेल्या पाण्यावर एक एकर धानाची रोवणी झाली असती. तू फाईलला तेलाचा थेंब लागू देत नव्हता. कोर्टात आपला नंबर कधी लागायचा, कधी नाही. तू आपला शेवटच्या बाकावर ताठ बसून सगळ्यांच्या केसेस ऐकायचा आणि परतीच्या गाडीत निकाल द्यायचा. दोन निकाल तर न्यायाधीशांशी तंतोतंत जुळले. तीन म्हणू का? दोनच.

किती सुखाचे दिवस होते ते, डोमा! खरंच सांगतो. आपण केस लढवायला जात होतो की सहलीला, माझं मला कळत नव्हतं. एका तारखेला तर वामनही आला. जिंकलेला माणूस! पाच वर्षं मेंबर होता, बोअर दुरुस्त केला, शाळेच्या रस्त्यावर मुरूम टाकला, वाईट काही केलं नाही. मॅडमपुढे बसून म्हणाला, “माहीबी सही घ्या. लोक मले मशीनचा मेंबर म्हणते. मी जिकलो हे मले तरी कुठी दाखवता येते?” तू त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःची प्लेट त्याच्यापुढे सरकवली. एकाच प्लेटमधून हारलेला आणि जिंकलेला पोहे खात होते, आणि त्यांच्यामधला तो एका मताचा माणूस बिल द्यायला उठला. इतका उदार मी कधी नव्हतो. तुम्हाला दोघांनाही त्याचं आश्चर्य वाटलं नाही, हे मला जरा लागलं.

सांगायचा प्रयत्न मी केला रे. एकदा एसटीत केला, तर तू झोपला होता. तू झोपला हे पाहूनच मी सुरू केलं होतं, ते सोड. एकदा तुझ्या बांधावर केला, तर तू म्हणाला, “तू नसता त मी एकटा या कोर्टाच्या पायऱ्या चढलोच नसतो.” त्याच्यानंतर कोणाचं तोंड उघडेल?

आणि तिसऱ्यांदा, मागच्या महिन्यात. तुझ्या दाराशी खाटेवर बसलो होतो. तुझा श्वास तेव्हा जरा आखूड झाला होता, पण बोलणं नाही. मी कडेकडेने गेलो.

“डोमा, समज, ते मत मशीननं खाल्लंच नसन तर?”

“नसन खाल्लं,” तू म्हणाला.

मी हबकलो. “म्हणजे?”

“म्हणजे नसन. मशीन खोटी आहे म्हून थोडाच भांडून राह्यलो? खरी आहे का नाई हे मले समजाले रस्ताच नाई ठेवला, म्हून भांडून राह्यलो. मले हारवा ना! कोण नाई म्हणते? पण माह्यासमोर मोजून हारवा. मी हारलो हे मले दिसलं पाह्यजे, मंग मी त्याच माणसाच्या मिरवणुकीत नाचतो.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी सांगणारच होतो. जीभ दातांपर्यंत आली होती. तेवढ्यात तू खाकरला, माझ्या खांद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “अन् ते अस्वलबी नव्हतं.”

झालं! मी उठलो. म्हटलं, “होतं.” तू म्हणाला, “बाभूळ.” मी फाटकाबाहेर येऊन ओरडलो, “अस्वल!” तू आतून ओरडला, “बाभूळ!” आणि हेच आपलं शेवटचं बोलणं झालं. लोकांची शेवटची वाक्यं काय काय असतात! आपली ही. मला ती बदलून सांगता आली असती, मी केवढी बदलली असती. पण मला हीच आवडते.

तू गेला त्या दिवशी सगळं गाव आलं. वामननं खांदा दिला, मी दिला. गर्दी मी लाखाची सांगतो, पण तू असता तर मोजून चारशे सांगितली असती. फडावरच्या बाया आल्या होत्या. एकीनं तुझ्या हातचा आकडा असलेलं जुनं कार्ड आणलं होतं, पदराला बांधून. रडली नाही ती. नुसतं म्हणाली, “मुन्शी मोजून द्यायचा.” आणि निघून गेली. एवढं बोलून कोणी माझ्या तिरडीजवळून गेलं तर मी ताबडतोब मरायला तयार आहे.

मग वैशाली मॅडमचा फोन आला. आता त्या मोठ्या वकील झाल्यात, हाताखाली तीन जण आहेत, पण फोनवर आवाज बसला होता. तारीख पुढच्या महिन्यात आहे. म्हणाल्या, “अर्जदार गेले, पण प्रश्न गेला नाही. वॉर्डातला दुसरा मतदार त्यांच्या जागी उभा राहू शकतो. रुषीभाऊ, तुमचं नाव लावू का? शपथपत्रावर सही लागेल.”

शपथपत्र! डोमा, मी आजवर शपथा पुष्कळ घेतल्या, पण कागदावर कधी नाही. मी म्हटलं, दोन दिवस द्या. दोन दिवस माझा जेवणावरचा जीव उडाला. म्हणजे चारच्या जागी तीन भाकरी. तुझ्या जागेवर बसायचं ते तुझं मत खाऊन? त्या बाकावर, तुझ्यासारखं ताठ? नाव लावायचं तर आधी कोणाला तरी खरं सांगायला पाहिजे होतं. आणि ज्याला सांगायचं तो तर फाटकाच्या आतून ‘बाभूळ’ म्हणून मोकळा झाला होता.

म्हणून तुझी तेरवी झाल्यावर, पाहुणे गेल्यावर, काल सकाळी मी पारबता वहिनीकडे गेलो. ती अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तिनं बसायला पाट दिला. मी बसलो नाही.

“वहिनी,” मी म्हटलं, “मॅडम माहं नाव लावतो म्हणते, डोमाच्या जागी.”

“लावा ना मंग,” ती म्हणाली.

“त्याच्या आंधी एक सांगाचं आहे.” आणि मी सांगितलं. सभा सांगितली, भोंगे सांगितले, रांगेतलं गुरगुरणं सांगितलं, बोट कुठून कुठे गेलं ते सांगितलं. काही वाढवलं नाही, काही कमी केलं नाही. माझ्या आयुष्यातली ही पहिलीच अशी गोष्ट, आणि ऐकायला तू नाही. बोलता बोलता माझा आवाज इतका बारीक झाला की माझा मलाच ओळखू येईना.

“मशीननं नाई खाल्लं, वहिनी. इतकी वर्षं त्याले कोर्टात फिरवलं, मीनं. एकच मत कमी होतं त्याचं, अन् ते माहं होतं. मीनं वामनले देलं.”

तिचा हात थांबला नाही. तिनं सुपातला एक खडा उचलला, नीट पाहिला आणि अंगणात टाकला.

“मीनंबी वामनलेच देलं,” ती म्हणाली.